पोटातला गोळा आणि फ्रिजातल्या सात कॅप्सूल

फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या पेस्टच्या बाटलीमागे, गेले चार महिने सात कॅप्सूल पडून होत्या. आता पाच उरल्यात. त्या दोन कुठे गेल्या ते शेवटी सांगते, आधी बाकीचं सांगू दे, कारण चतुर्थीला माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) बांधताना मी वहिनीला सहज बोलून गेले की मी मध्यंतरी प्रोबायोटिक, म्हणजे पोटासाठी गिळायचे जिवंत चांगले जंतू, घेत होते आणि ते मनासाठीही घेतात म्हणे, आणि तेव्हापासून अख्ख्या खानदानातून फोन येतायत. "ती पोटातून डोकं शांत करणारी गोळी कुठली गं?" असं थेट विचारतात. प्रत्येकीला अर्धा तास समजावण्यापेक्षा एकदा लिहून टाकते आणि लिंक पाठवते.

मी डॉक्टर नाही. मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी आहे आणि गेली सोळा वर्षं कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते. माझं काम म्हणजे काय तर मालात जंतू नाहीत ना ते बघणं. पेट्री डिशवर एक जरी नको ती कॉलनी उगवली तरी आमच्याकडे धावपळ सुरू होते, बॅच अडकते, फोनाफोनी होते. आणि तीच बाई घरी येऊन महिन्याला १,३८० रुपये मोजून जंतू गिळत होती. लॅबमधल्या मुली अजून हसतात.

तर झालं असं. गेल्या वर्षी मे महिन्यात दाढ दुखली, रूट कॅनाल झालं, सात दिवस अँटिबायोटिक. चौथ्या दिवसापासून पोट जे बिघडलं ते बिघडलंच. सकाळी तीनदा संडास, जेवलं की पोट फुगून टम्म, आणि दुपारी लॅबमध्ये बसल्या बसल्या उगाच धडधड. मला वाटलं ऍसिडिटी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पणजीला काम होतं, पाऊस नुकता सुरू झालेला, बसच्या काचा बंद, आतमध्ये ओल्या छत्र्यांचा वास, आणि बाणस्तारीच्या पुलावर बस चढली आणि मला एकदम वाटलं की मी आता मरणार. खरंच सांगते, अतिशयोक्ती नाही. हाताला मुंग्या, घसा आवळलेला, छातीत कुणीतरी मुसळ घालतंय असं, आणि पोटात असा गोळा की उभं राहता येईना. कंडक्टर म्हणाला, "बाय, कितें जाता?" मला सांगताच येईना काय होतंय. जुन्या गोव्याला उतरले, गांधी सर्कलजवळ कडेला बसले, भावाला फोन लावला, तो येऊन थेट बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेला.

ईसीजी नॉर्मल, शुगर नॉर्मल, प्रेशर जरा वर पण घाबरल्यामुळे. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, घरी काही टेन्शन आहे का? मी म्हटलं छे, काही नाही. नवरा बोटीवर, तो जानेवारीत गेलेला, नोव्हेंबरशिवाय येणार नव्हता. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालेलं, रात्री दोनदा त्यांना उठवून बाथरूमला न्यायचं. मुलगी दहावीत जाणार. कंपनीत ऑडिट तोंडावर. पण हे सगळं मी टेन्शनमध्ये धरतच नव्हते, हे म्हणजे रोजचंच. डॉक्टरीण काही बोलली नाही, कागदावर एक ओळ लिहिली आणि मानसोपचार ओपीडीत दाखवा म्हणाली. मी तो कागद पर्समध्ये घातला आणि तीन महिने काढला नाही. चूक तिची नाही, माझी.

एक गंमत बघा. मराठीत भीती कुठे बसते? पोटात. पोटात गोळा येतो, पोटात धस्स होतं, पोटात कालवाकालव होते. गुपित पोटात ठेवायचं, दुसऱ्याचा अपराध पोटात घालायचा, शेजाऱ्याने गाडी घेतली की आपल्याला पोटशूळ उठतो, आणि एखादी गोष्ट मनापासून सांगायची तर ती पोटतिडकीने. आमच्या घरात बोलणं कोंकणीत, वाचणं-लिहिणं मराठीत, पण दोन्हीकडे हा सगळा कारभार पोटातच चालतो. त्यामुळे बंगळुरूच्या चुलतभावाने जेव्हा सांगितलं की "अगं ताई, तुझं सगळं मूळ पोटात आहे, गट-ब्रेन कनेक्शन असतं, आतड्याचं आणि मेंदूचं, ह्या कॅप्सूल घे, मूडसाठी आहेत," तेव्हा मला ते लगेच पटलं. त्यात वेड लागल्यासारखं काही नव्हतं ना! पोटाचं औषध. सासूबाईंसमोर घेता येण्यासारखं.

आता मी क्वालिटी कंट्रोलवाली, त्यामुळे डबी हातात आल्यावर पहिलं लेबल वाचलं. लॅक्टोबॅसिलस हेल्वेटिकस आणि बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, एका कॅप्सूलमध्ये ५० अब्ज सीएफयू, थंड ठिकाणी ठेवा. सीएफयू म्हणजे कॉलनी फॉर्मिंग युनिट, सोप्या भाषेत ज्या जिवंत जंतूपासून किंवा जंतूंच्या पुंजक्यापासून डिशवर एक ठिपका उगवू शकतो तो एक. मेलेला मोजायचा नाही. ५० अब्ज ऐकून डोळे पांढरे होतात, पण जरा गणित करा. २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी नीट हिशोब मांडला की माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशी जेवढ्या जवळपास तेवढेच, आणि सगळ्यांचं वजन मिळून भरतं जेमतेम २०० ग्रॅम. त्याआधी जो तो "पेशींच्या दहापट" असं ठोकून द्यायचा. तर ५० अब्ज म्हणजे ५ हजार कोटी. म्हणजे आत बसलेल्या साडेसातशे-एक जणांमागे हा एक नवा पाहुणा, तोही पोटातल्या ऍसिडमधून वाचला तर. आणि पाहुणा तो पाहुणाच, राहत नाही, कॅप्सूल बंद केली की थोड्या दिवसांत बहुतेक सगळे वाहून जातात. हे कळल्यावर मी जरा थंड झाले, पण पैसे भरलेले होते.

पण म्हणून पोटाचा आणि डोक्याचा संबंधच नाही असं अजिबात नाही. तो आहे, आणि पक्का आहे. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं नसांचं जाळं आहे, १० ते ५० कोटी न्यूरॉनचं. आणि मेंदूपासून पोटापर्यंत एक लांबलचक व्हेगस नर्व्ह जाते, लॅटिनमध्ये व्हेगस म्हणजे भटकणारा, नाव अगदी बरोबर ठेवलंय. त्या नर्व्हमधले साधारण ८० टक्के धागे खालून वर निरोप नेणारे आहेत. म्हणजे वरून खाली हुकूम कमी आणि खालून वर रिपोर्ट जास्त, आमच्या कंपनीच्या बरोब्बर उलट.

ह्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग उंदरांवरचा आहे. त्याच्या आधी २००४ साली जपानच्या क्युशू युनिव्हर्सिटीत दिसलं होतं की ज्या उंदरांना जन्मापासून एकही जंतू लागू दिलेला नाही ते उंदीर कोंडून ठेवले की साध्या उंदरांपेक्षा खूप जास्त घाबरतात, म्हणजे त्यांच्या रक्तातली स्ट्रेसची हार्मोन जास्त चढतात, आणि लहानपणीच एक ठराविक बिफिडोबॅक्टेरियम त्यांना दिला तर ते ताळ्यावर येतं. मग २०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या जॉन क्रायन वगैरे मंडळींनी उंदरांना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जेबी-१ नावाचा स्ट्रेन, म्हणजे त्या जातीतला एक ठराविक वाण, पाजला. ते उंदीर कमी घाबरट झाले, पाण्यात टाकल्यावर लवकर हातपाय गाळेनात (ही परीक्षा मला नेहमी क्रूर वाटते, पण असो), मेंदूत गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचे रिसेप्टर, म्हणजे ते पकडणाऱ्या जागा, बदललेले दिसले. आणि खरी कमाल पुढे आहे. ज्या उंदरांची व्हेगस नर्व्ह कापली होती त्यांच्यावर ह्यातला काहीच परिणाम झाला नाही! म्हणजे निरोप त्याच वायरीतून जात होता. मी हे वाचलं त्या रात्री साडेअकरा वाजता उठून जास्तीची एक कॅप्सूल घेतली. खोटं कशाला बोलू.

आता त्याच मंडळींनी पुढे काय केलं ते मात्र चुलतभावाच्या व्हिडिओत नव्हतं. त्यांनी तोच जेबी-१ माणसांना दिला. २९ धडधाकट पुरुष, आठ आठवडे, कधी खरी कॅप्सूल कधी खोटी. निकाल २०१७ साली छापला: स्ट्रेस, चिंता, झोप, काहीच फरक नाही. खोटी कॅप्सूल आणि खरी कॅप्सूल सारखीच. मला ह्या लोकांचं कौतुक वाटतं, स्वतःच्याच गाजलेल्या प्रयोगाचा फुगा स्वतःच फोडायचा आणि वर तो छापायचा, आमच्या ऑडिटमध्ये असं कुणी केलेलं मी बघितलेलं नाही.

आणि हे खूळ नवीन नाहीये हां. १९१० साली लंडनच्या बेथलेम हॉस्पिटलातल्या जॉर्ज पोर्टर फिलिप्स नावाच्या डॉक्टरने मेलँकोलियाच्या, म्हणजे आजच्या भाषेत डिप्रेशनच्या, १८ पेशंटना लॅक्टिक ऍसिड बॅसिलस घातलेलं आंबट पेय दिलं आणि ११ जण पूर्ण बरे झाले असं लिहून ठेवलं. त्याने त्यांचं मांस बंद केलं होतं पण मासे चालू ठेवले होते. हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या मग बरं होणारच. खोटं औषध दिलेला दुसरा गट त्याने ठेवला नव्हता, त्यामुळे ११ जण दह्याने बरे झाले की दिवस जाऊन बरे झाले की बांगड्याने, हे आता कोण सांगणार. त्या काळात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या मेचनिकॉफने बल्गेरियाचे शेतकरी आंबट दूध पिऊन खूप जगतात असा डंका पिटला होता, १९०८ साली त्याला नोबेल मिळालं (ते दह्यासाठी नव्हे, इम्युनिटीवरच्या कामासाठी), आणि युरोपात दह्याच्या गोळ्यांचा बाजार उठला होता. म्हणजे इन्स्टाग्राम नव्हतं एवढंच.

तरी अलीकडचं एक काम मला खरंच दखल घेण्यासारखं वाटतं. २०२३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातून आलेलं. ४९ माणसं, सगळ्यांना डिप्रेशन, सगळी आधीपासून गोळ्यांवर पण गोळ्यांनी पुरता फरक न पडलेली. अर्ध्यांना आठ आठवडे १४ स्ट्रेनचं प्रोबायोटिक, अर्ध्यांना खोटं, आणि कोणाला काय ते माहीत नाही. प्रोबायोटिकवाल्यांचे डिप्रेशनचे आणि चिंतेचे आकडे जास्त सुधारले. पण नीट वाचा, गोळ्या *चालू* असताना, वरून. गोळ्यांच्या *ऐवजी* नाही. आणि ४९ माणसं म्हणजे आमच्या मार्दोळच्या एका वाड्यावरची माणसं, त्यावर आख्ख्या जगाला सल्ला देता येत नाही, त्यांनी स्वतःच त्याला पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, म्हटलंय. कॅनडाच्या मॅकमास्टरमध्येही आयबीएसच्या, म्हणजे पोट सारखं बिघडत राहण्याच्या आजाराच्या, ४४ पेशंटवर एका बिफिडोबॅक्टेरियम लाँगमने सहा आठवड्यांत डिप्रेशनचा स्कोअर खाली आला, पण चिंतेचा नाही. माझी तर चिंता होती. आणि माझ्या डबीतला लाँगम वेगळ्या नंबरचा होता. हा नंबरच सगळं असतो बरं का, फोंड्याला नाईक किती आहेत, सगळे एकच का? जात आणि पोटजात सारखी असली तरी स्ट्रेन वेगळा म्हणजे माणूस वेगळा. ज्या डबीवर स्ट्रेनचा नंबर लिहिलेला नाही ती मी तरी परत फडताळात ठेवते.

माझं काय झालं? पहिले दहा दिवस गॅस. नुसता गॅस, सांगायची सोय नाही. त्यात जुलैत आमच्याकडे झाड पडून दोन दिवस वीज नव्हती, फ्रिज बंद, मासळी आईकडे पोचवली आणि कॅप्सूलची डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठावर ठेवली, त्यातले किती जिवंत राहिले देव जाणे. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र पोट सुधारलं. संडास एकदा, फुगणं कमी. कॅप्सूलमुळे? असेल. किंवा अँटिबायोटिकनंतर दोन-तीन महिन्यांत पोट आपलं आपण सुधारतंच, त्यामुळेही असेल. उलट २०१८ साली त्याच वाइझमनवाल्यांनी दाखवलं होतं की अँटिबायोटिकनंतर त्यांनी दिलेलं ११ स्ट्रेनचं प्रोबायोटिक घेतलेल्यांचे स्वतःचे मूळ जंतू परतायला *जास्त* वेळ लागला. नवे पाहुणे जागा अडवून बसले म्हणायचं. हे वाचून मी कपाळावर हात मारला.

पण पोट सुधारूनही पहाटे चारला जाग यायची ती येतच होती. डोळे उघडले की पहिलं धस्स, मग यादी. बोट, खुबा, दहावी, ऑडिट. बाणस्तारीचा पूल येणार म्हणून मी पणजीला जाणंच सोडलं होतं, बँकेचं काम सुद्धा भावावर ढकललं. मार्दोळच्या देवळाबाहेर जायांचे वळेसर (जाईचे गजरे) घेऊन बसतात त्या बायकांपैकी एक माझ्या ओळखीची, मी दर शुक्रवारी घ्यायचे, तिने सप्टेंबरात मुलीला विचारलं की आई आजारी आहे काय, दिसत नाही. मुलीने घरी येऊन सांगितलं. तेव्हा पर्समधला कागद काढला. पार घडीवर फाटला होता.

मानसोपचारवाल्या डॉक्टरांना मी पहिलंच विचारलं, सर, ते मूडचं रसायन, सेरोटोनिन, ९० टक्के पोटात तयार होतं ना, मग पोट नीट केलं तर डोकं नीट होईल ना? ते हसले. म्हणाले, आकडा बरोबर आहे तुमचा, पण पोटातलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही, मध्ये भिंत आहे, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो. पोटातलं पोटाच्या कामाला, आतडी हलवायला. मग म्हणाले, ह्याचा पुरावा तुम्हाला आठवड्याभरात मिळेल, मी जी गोळी देतोय तिने पहिले दहा-पंधरा दिवस मळमळेल, पोट ढिलं होईल, कारण ती सेरोटोनिनवर काम करते आणि ते सगळं बसलंय पोटात. आणि झालंही अगदी तसंच! बारा दिवस मळमळलं, पेजेशिवाय काही जाईना. मला त्या बारा दिवसांत गट-ब्रेन कनेक्शन जेवढं कळलं तेवढं चुलतभावाच्या सगळ्या व्हिडिओंतून कळलं नव्हतं. (गोळीचं नाव विचारू नका, सांगणार नाही, ज्याची त्याला वेगळी असते.)

आणि गोळीबरोबर एक बाई होत्या, समुपदेशक. त्यांनी माझा भूतकाळ वगैरे काही उकरला नाही. एक शाळेची वही दिली, दिवसभरात काय काय केलं ते तासातासाने लिहायचं आणि पुढे मन कसं होतं ते शून्य ते दहामध्ये. मला वाटलं हे काय पोरखेळ. दोन आठवड्यांनी वही बघून त्या म्हणाल्या, ह्यात तुमच्यासाठी केलेलं एक काम दाखवा. मी पानं उलटत बसले. मग ठरलं की शुक्रवारी वळेसर घ्यायला स्वतः जायचं, चालत. पुढच्या आठवड्यात भोमापर्यंत बसने. मग पूल. पूल ओलांडायला मला नोव्हेंबर उजाडला, नवरा शेजारी बसला होता, मी त्याचा हात एवढा दाबला की तो म्हणाला बोटीवर वादळात एवढं कुणी धरत नाही.

नंतर मला कळलं की ही पद्धत आपल्या गोव्यातच तपासून झाली आहे. संगाथ म्हणून संस्था आहे, १९९६ पासून गोव्यात काम करते, विक्रम पटेल वगैरेंनी सुरू केलेली. त्यांनी गोव्यातल्या १० सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत जवळपास ५०० जड डिप्रेशनचे पेशंट घेतले, आणि अर्ध्यांना सहा ते आठ बैठका दिल्या, त्याही सायकॉलॉजिस्टने नव्हे तर थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक साध्या माणसांनी. काम काय तर हेच, जे सोडून दिलंय ते थोडं थोडं परत करायला लावणं. २०१७ च्या लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आहे, तीन महिन्यांनी बैठका घेतलेल्यांतले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर, न घेतलेल्यांतले ३९ टक्के. आता हा आकडा आणि त्या ४९ माणसांचा आकडा शेजारी ठेवा. एकाची जाहिरात माझ्या मोबाईलवर दिवसातून पाच वेळा येते. दुसरं माझ्या घरापासून पाच-सहा किलोमीटरवरच्या केंद्रांसारख्या केंद्रांत झालं आणि मला ते चाळिशी उलटल्यावर, आजारी पडून कळलं. ह्याचा मला अजून राग येतो.

आता जेवणाबद्दल, कारण फोनवर सगळ्या तेच विचारतात, मग आपलं घरचं चालतं की नाही. चालतं, पण नीट बघून. सान्नां (आमच्या इडल्या) सुरेत, म्हणजे माडीत, आंबवलेली असतात खरी, पण वाफवली की आतले जंतू मेले. पोई ह्या आमच्या पावाचंही तेच, भट्टीत कोण वाचतंय. आंबोळी तव्यावर गेली. तेला-विनेगरात मुरलेल्या लोणच्यात जिवंत फारसं काही नसतं. जिवंत म्हणजे घरचं दही, ताक, आणि माझी सगळ्यात लाडकी, चेपणीची तोरां. एप्रिल-मेमध्ये कोवळ्या कैऱ्या मिठाच्या थरात घालून वर दगड ठेवून चेपायच्या, त्यांचं त्यांना पाणी सुटतं आणि त्याच खाऱ्या पाण्यात मीठ सोसणारे लॅक्टिक ऍसिडवाले जंतू हळूहळू काम करत बसतात. पावसात उकड्या तांदळाची पेज आणि बाजूला चेपलेलं तोर, दातांनी कोयीपर्यंत ओढून खायचं, कानशिलं आंबतात. पण मीठ किती, प्रेशरवाल्यांनी अर्धंच. आणि शास्त्राच्या भाषेत त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही, कारण २००१ ची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सांगते की जिवंत पाहिजे, पुरेसं पाहिजे, आणि फायदा दाखवलेला पाहिजे. आमच्या बरणीत कोण किती आहे ते कुणी मोजलेलं नाही. २०२१ साली स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी माणसांवर दहा आठवडे प्रयोग झाला, त्यातल्या ज्यांना भरपूर आंबवलेले पदार्थ दिले त्यांच्या पोटातल्या जंतूंचे प्रकार वाढले आणि सूज दाखवणारी १९ प्रोटीन रक्तात कमी झाली. मनाबद्दल त्यात निकाल नाही. तरी मला तेवढं पुरेसं आहे, कारण दही मी असंही खाणारच होते.

ज्यांना कॅप्सूल घ्यायच्याच आहेत त्यांनी घ्या बाई, मी कोण अडवणारी. फक्त चालू गोळी बंद करून नका. महिना-दोन महिने बघा, फरक नसेल तर पैसे वाचवा. आणि घरात कुणी केमोवर आहे, आयसीयूत आहे, इम्युनिटी पडलीय, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. "नॅचरल आहे, नुकसान काय?" असं जे म्हणतात त्यांना नेदरलँड्सचा २००८ चा प्रयोग सांगायचा, पॅन्क्रियासला, म्हणजे स्वादुपिंडाला, जबर सूज आलेल्या जवळपास ३०० पेशंटपैकी प्रोबायोटिक दिलेल्या गटात १६ टक्के गेले, न दिलेल्यात ६ टक्के. आणि माझ्यासारखी पहाटे चारची धस्स कुणाला असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलि-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. मी एकदा केला होता रात्री दीडला, ऐकून घेतलं नीट.

बरं, त्या दोन कॅप्सूल. गेल्या रविवारी सासूबाईंनी विरजण लावायला घेतलं आणि माझ्यातली लॅबवाली जागी झाली. एकाच दुधाचे दोन वाडगे केले, दोन्ही कोमट, एकात त्यांचं नेहमीचं चमचाभर विरजण, दुसऱ्यात दोन कॅप्सूल फोडून. दोन्ही ओट्यावर शेजारी शेजारी झाकून ठेवले, वर वेळ लिहून चिठ्ठी चिकटवली, सवय. सकाळी सहाला त्यांचं दही असं लागलेलं की वाडगा तिरपा केला तरी हलेना. माझं दूध दूधच. दुपारी एकला जरा दाटलं, वास बरा, पण चमच्याला तार सुटत होती. ह्यातून कॅप्सूल वाईट असं काही सिद्ध होत नाही, तिचे जंतू दूध लावायला निवडलेलेच नसतात, ह्या वाडग्यांना कंट्रोल सुद्धा धड नव्हता. मी हे सगळं समजावून सांगत होते आणि सासूबाई वाडग्यात बघत होत्या.

"इतले पयशे मोडून तुवें दूद नासयलें," म्हणाल्या.

ते दूध मी सांजेला सुर्नोळ्यांच्या (जाळीदार घावनांच्या) पिठात ओतलं. रात्रभर आंबून सकाळी काय जाळी पडली म्हणून सांगू. तव्यावर सगळे अब्ज गेले, पण मुलीने सहा खाल्ल्या.